क्लिकरवाला कोच आणि बाकीचे

सीझन संपून दोन आठवडे झालेत पण गाडीच्या डिकीत घडीची खुर्ची, अर्धी संपलेली सनस्क्रीनची बाटली आणि ती लाल माती अजून तशीच आहे, साफ करायला मनच होत नाहीये. लेकाचं हायस्कूल बेसबॉलचं हे तिसरं वर्ष. आम्ही टेक्सासमध्ये राहतो, शाळा इथली साधी पब्लिक स्कूल, पण बेसबॉलचा प्रोग्राम मात्र नावाजलेला, आम्ही इथे आल्यापासून टीम प्लेऑफला गेली नाही असं एकही वर्ष मी पाहिलं नाही. मैदानाच्या कुंपणावर मोठा बॅनर आहे, त्यावर डिस्ट्रिक्ट जिंकल्याची वर्षं आणि खाली हेड कोचचं नाव. लोकल पेपरात फोटो त्यांचा, दोन वाक्यं त्यांची. ते बरोबरच आहे, माणूस खरंच मोठा आहे. पण तीन वर्षं मी डगआउटला लागून बसून टीमचं स्कोअरबुक लिहितेय आणि तिथून जे दिसतं ते वर स्टँडमधून दिसत नाही, म्हणून त्यांच्या हाताखालच्या असिस्टंट कोचबद्दल एकदा लिहून काढायचं ठरवलं.

स्कोअरबुक माझ्याकडे कसं आलं ते थोडक्यात सांगते. माझे बाबा क्लब क्रिकेटच्या मॅचेसचे स्कोअर लिहायचे, मी लहानपणी शेजारी बसून त्यांना पेन्सिली टोकदार करून द्यायचे, त्यामुळे चौकोनात खुणा करायची हौस पहिल्यापासून. लेक नववीत फ्रेशमन टीममध्ये आला तेव्हा कोचने पालकांच्या मीटिंगमध्ये विचारलं की कोणी स्कोअर लिहील का, आणि माझा हात वर गेला. बेसबॉल तेव्हा मला निम्मासुद्धा कळत नव्हता. के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन आउट, आणि बॅटर नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा काढायचा, हे मला त्या पहिल्या दिवशी एका असिस्टंट कोचने शिकवलं. हाच तो क्लिकरवाला कोच. पिचिंग कोच.

त्याच्याबद्दल आधी सांगते कारण सगळ्यात जास्त मी त्याच्याच शेजारी बसलेय. वय असेल तिशीच्या आसपास, शाळेत बायोलॉजी शिकवतो, आणि मॅचभर एका बादलीवर बसलेला असतो, वर गादीचं झाकण असलेली बॉल ठेवायची बादली असते ना, तीच त्याची खुर्ची. डाव्या हातात क्लिकर, म्हणजे दाबलं की एक आकडा पुढे जाणारं मोजणीचं छोटं यंत्र. पिचरने बॉल टाकला की क्लिक. मी माझ्या वहीत रेघ मारते, तो क्लिक करतो, आणि प्रत्येक इनिंग संपली की आम्ही आकडा जुळवतो, मग मी पलीकडच्या टीमच्या स्कोअरकीपरकडे जाऊन तिच्याशी जुळवते. एकाचाही फरक निघाला तर परत मोजायचं. पहिल्या वर्षी मला वाटायचं एका बॉलने काय एवढं, आता नाही वाटत.

आपल्या क्रिकेटवाल्यांना हे चटकन कळत नाही म्हणून सांगते. बोलिंगमध्ये वाकलेलं कोपर टाकता टाकता सरळ केलं तर चकिंग, म्हणजे तिथे हात जवळजवळ सरळच फिरतो. इथे उलटं आहे, पिचरचं कोपर वाकतं आणि चाबकासारखं झटक्यात सरळ होतं, आणि तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्याशा लिगामेंटवर येतो. ते फाटलं की दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात, ती सर्जरी डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली आणि तेव्हापासून तिला टॉमी जॉन सर्जरीच म्हणतात. पूर्वी ही मोठ्या प्रोफेशनल लोकांची गोष्ट वाटायची, आता हायस्कूलच्या पोरांची पण होते. म्हणूनच २०१७ च्या सीझनपासून देशभरच्या हायस्कूल संघटनेने प्रत्येक राज्याला पिच, म्हणजे पिचरने टाकलेला एकेक बॉल, मोजून मर्यादा घालायला लावली, त्याआधी बऱ्याच ठिकाणी नुसत्या इनिंग मोजायचे. टेक्सासमध्ये शाळांचे खेळ यूआयएल नावाची संस्था चालवते, तिचा नियम असा की व्हार्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमच्या, पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त ११० पिच टाकायचे, आणि ८५ च्या वर गेला की मग चार दिवस सक्तीची विश्रांती. तीसच्या आत राहिला तर दुसऱ्या दिवशी परत टाकू शकतो.

आता हा नियम झाला. नियम पाळणं ही एक गोष्ट आणि पोराचा हात ओळखणं ही वेगळी, आणि हे मला यंदाच्या प्लेऑफच्या गुरुवारी नीट समजलं.

बेस्ट ऑफ थ्री सिरीज होती, गुरुवारची मॅच आमच्या मैदानावर. हायस्कूलची मॅच सात इनिंगची असते. सहावी अर्धी झाली होती, आम्ही ३-२ ने पुढे, आमचा सिनियर पिचर ८८ वर. म्हणजे नियमाप्रमाणे अजून बावीस पिच शिल्लक, आणि हवे होते फक्त तीन आउट. स्टँड नुसता पेटला होता, ड्रम, घंटा, सगळं. आमची बॅटिंग चालू होती तेव्हा हेड कोच थर्ड बेसकडून डगआउटमध्ये आले आणि बादलीजवळ वाकून विचारलं, अजून तीन आउट? पिचिंग कोचने क्लिकरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, नाही कोच, झालं त्याचं, हात खाली आलाय. आणि मग हळू आवाजात दोन गोष्टी सांगितल्या, की मागच्या इनिंगपासून त्याचं कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली राहतंय आणि फास्टबॉल सगळे वर जातायत, आणि दोन पिचच्या मध्ये तो मनगट झटकतोय. मी तिथून चार फुटांवर बसले होते, पूर्ण मॅच बघत होते, रेघांवर रेघा मारत होते, आणि मला यातलं काही म्हणजे काहीच दिसलं नव्हतं.

हेड कोच दोन सेकंद गप्प राहिले. मग सरळ पोराकडे गेले, त्याचा हात हातात घेतला आणि खांद्यावर थोपटलं. बस्स. पोरगं रडलं, टोपी तोंडावर घेतली. सातव्या इनिंगला दहावीतला एक मुलगा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला, स्टँडमधून लोक ओरडायला लागले की हे काय चाललंय, एक बाप तर कुंपणापर्यंत उतरला. त्या मुलाने २४ पिच टाकले, दोन रन गेले, आम्ही ३-४ ने हरलो.

मॅचनंतर पेपरवाल्याने हेड कोचना विचारलं की पिचर का बदलला. ते म्हणाले, माझा निर्णय होता, आणि उद्या परत तसाच घेईन. बादलीवाल्याचं नाव काढलं नाही. मी तिथेच माझ्या वहीतली बेरीज करत उभी होते आणि मला इतकं भरून आलं की काय सांगू. चूक झाली असं बाहेरच्यांना वाटत असताना ती स्वतःच्या अंगावर घेणं, आणि आत मात्र असिस्टंटचं नाही हे खरंच नाही म्हणून धरणं, हे दोन्ही एकाच माणसात मी फार कमी वेळा पाहिलंय. ऑफिसमध्ये तर नाहीच.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते पण सांगते. शुक्रवारी त्यांच्या मैदानावर, आम्ही एका रनने पुढे, शेवटची इनिंग, आणि पिचिंग कोचने परत त्याच दहावीतल्या मुलाला बोलावलं. २४ म्हणजे तीसच्या आत, त्यामुळे चालत होतं. बसमध्ये येताना त्याने त्या मुलाशेजारी बसून म्हणे पूर्ण वेळ कालच्या मॅचबद्दल एक शब्द काढला नाही, नुसतं मासे पकडायला कुठे जातो ते विचारत होता. १४ पिच, तीन आउट, मॅच जिंकलो. शनिवारी तिसरी मॅच हरलो आणि सीझन संपला, पण तो शुक्रवारचा मुलगा पुढची दोन वर्षं आमचा क्लोजर, म्हणजे मॅचच्या शेवटी उतरणारा पिचर, असणार आहे आणि ते गुरुवारी रात्रीच्या त्या हरलेल्या इनिंगमध्ये ठरलं असं माझं ठाम मत आहे.

बरं, आता फर्स्ट बेसचा कोच. हा अल्जेब्रा शिकवतो. लेकाला नववीत तोच होता, आणि मैदानावर पण तो गणितच करत असतो. खिशात स्टॉपवॉच. समोरच्या पिचरने हलायला सुरुवात केल्यापासून बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंत किती वेळ लागतो ते तो मोजतो, आणि वॉर्मअपमध्ये कॅचर सेकंड बेसला किती वेळात थ्रो पोचवतो ते मोजतो. चांगला पिचर साधारण १.३ सेकंद घेतो, चांगला हायस्कूल कॅचर साधारण २.०. बेरीज ३.३. आता आमच्या धावणाऱ्याला फर्स्टवरून सेकंडला पोचायला ३.५ लागत असतील तर जाऊ नये. पण समोरचा पिचर जर सावकाश असेल, पाय उंच उचलून १.६ घेत असेल, तर बेरीज झाली ३.६, आणि मग माझ्या लेकासारखा मध्यम वेगाचा पोरगा पण बेस चोरू शकतो, म्हणजे कोणी बॉल मारलेला नसताना पुढच्या बेसला पळू शकतो.

आणि त्याने चोरला! मार्चमधली मॅच, लेक फर्स्टवर उभा, कोच त्याच्या कानात काहीतरी बोलला, पुढच्या पिचला हा सुटला. मी तर पेन्सिलच सोडली हातातली. सेफ. घरी येताना विचारलं, काय म्हणाला रे कोच? तर म्हणे, तो म्हणाला तू फास्ट नाहीयेस, तो स्लो आहे, जा. एवढंच. लेकाला आजवर कोणी तू फास्ट नाहीयेस असं म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा, यावेळी मात्र हे वाक्य सांगताना हसत होता.

हा कोच हेल्मेट घालून उभा राहतो. मी एकदा विचारलं तर त्याने माइक कूलबॉचं नाव सांगितलं. कूलबॉ आपल्या इथल्या सॅन अँटोनियोचाच, तुलसा ड्रिलर्स या मायनर लीग टीमचा कोच, जुलै २००७ मध्ये फर्स्ट बेसच्या कोचिंग बॉक्समध्ये उभा असताना फटकावलेला बॉल मानेजवळ लागून तो गेला. नोकरीला लागून काही आठवडेच झाले होते त्याला. २००८ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रोफेशनल लीगमध्ये, बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. कोचची जागा किती जवळ असते ते वहीत मान खाली घालून बसलं की विसरायला होतं, ते ऐकल्यापासून मी पण डगआउटच्या जाळीच्या मागेच खुर्ची लावते.

हिटिंग कोच आमचे सगळ्यात वयस्कर, शाळेतून रिटायर झालेले, तरी येतात. त्यांच्याबद्दल लोकांना वाटतं की ते पोरांच्या बॅटिंगचं बघतात, पण त्यांचं खरं काम म्हणजे रोज शेकडो बॉल टाकणं. एल आकाराच्या जाळीमागे उभं राहून बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकत राहायचं, एकसारखे, पोराला मारता येतील असे. हे सोपं वाटतं, करून बघा. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने टाकले तर दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट घालता येईना. कोच प्रॅक्टिस झाली की खांद्याला बर्फ बांधतात आणि तशीच गाडी चालवत घरी जातात. ते पोरांना जिम मॉरिसची गोष्ट दर वर्षी सांगतात, आणि दर वर्षी पोरं ऐकतात, कारण गोष्ट टेक्सासची आहे आणि कोचचीच आहे. मॉरिस बिग लेक गावच्या रेगन काउंटी हायस्कूलमध्ये शिकवायचा आणि बेसबॉल कोच होता, त्याचं स्वतःचं पिचिंगचं करिअर दुखापतींनी कधीच संपलेलं. पोरांना बॅटिंग प्रॅक्टिस देताना पोरांच्या लक्षात आलं की कोच भलताच जोरात टाकतो, म्हणून त्यांनी पैज लावली, आम्ही डिस्ट्रिक्ट जिंकलो तर तुम्ही ट्रायआउटला, म्हणजे प्रोफेशनल टीमच्या निवड चाचणीला, जायचं. पोरं जिंकली, कोच गेला, आणि १८ सप्टेंबर १९९९ ला वयाच्या ३५ व्या वर्षी टॅम्पा बे कडून मेजर लीगमध्ये उतरला, ते पण इथेच आर्लिंग्टनला, आणि पहिलाच बॅटर स्ट्राइकआउट केला. आमचे हिटिंग कोच ही गोष्ट संपवताना नेहमी एकच प्रश्न विचारतात: मॉरिसचा वेग पहिल्यांदा कोणाला कळला? पोरं ओरडतात, त्याच्या पोरांना!

जेव्ही म्हणजे व्हार्सिटीच्या खालची टीम, तिच्या कोचबद्दल लिहायचं म्हणजे मला लेकाच्या दहावीच्या जानेवारीकडे जावं लागतं. ट्रायआउटनंतर त्याला व्हार्सिटी मिळणार असं तो धरूनच चालला होता, दोन मित्र वर गेले आणि याला जेव्हीत ठेवलं. काही शाळांमध्ये यादी दारावर चिकटवतात आणि पोरं घोळक्यात आपापलं नाव शोधतात. इथे तसं करत नाहीत. एकेका पोराला ऑफिसमध्ये बोलावतात, हेड कोच आणि ज्या टीममध्ये जाणार त्या टीमचा कोच दोघं समोर बसतात आणि तोंडावर सांगतात, का ते पण सांगतात. ज्यांना कुठेच घेतलं नाही त्यांनाही तसंच. लेक बाहेर आला तेव्हा रागाने लाल झाला होता, गाडीत दार आपटलं, आणि घर येईपर्यंत काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, कोच म्हणतो माझा बॅकहँड खराब आहे. मी विचारलं, आहे का? बराच वेळ थांबून म्हणाला, हो.

तर मग फेब्रुवारी ते मे रोज हे चाललं. जेव्ही कोचने त्याला एक छोटा सपाट ग्लव्ह दिला, पॅनकेक म्हणतात त्याला, त्यात बॉल अडकतच नाही, तळहातासमोर आला तरच थांबतो, म्हणजे आळशीपणाने ग्लव्ह फिरवून झेलता येत नाही. प्रॅक्टिस संपली की वीस मिनिटं कोच गुडघ्यावर बसून त्याच्या उजव्या बाजूला बॉल सरपटत टाकायचा, आधी हाताने, मग महिन्याभराने फंगोने. फंगो म्हणजे सरावासाठीची पातळ, लांब आणि हलकी बॅट, तिने कोच हवा तिथे बॉल मारू शकतो, आणि आमच्या जेव्ही कोचचा फंगो इतका अचूक आहे की सेकंड बेसच्या बाजूला ठेवलेल्या टोपीवर बॉल मारून दाखवतो. त्याच्या हाताला नेहमी टेप गुंडाळलेली असते, खाली फोड आलेले. मी घ्यायला जायचे तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या नसायच्या, अंधारात ते दोघंच आणि बॉलचा आवाज. यूआयएलचा नियम आहे की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त प्रॅक्टिस घ्यायची नाही, त्यामुळे कोच घड्याळ बघूनच असायचा, वीस म्हणजे वीस मिनिटं, एकविसाव्याला बादली भरायला लावायचा.

यंदा लेक व्हार्सिटीचा सेकंड बेसमन होता. एप्रिलमध्ये त्याने बॅकहँडने एक बॉल असा उचलला की डबल प्ले झाला, एकाच बॉलवर दोन आउट, सगळे ओरडले, आणि मी बघितलं तर तो डगआउटकडे बघतच नव्हता, फाउल लाइनच्या पलीकडे जेव्हीची पोरं बसली होती तिकडे बघत होता. तिथे कोच उभा होता. त्याने फक्त बोट खाली करून ग्लव्हची खूण केली. मी वहीत ४-६-३ लिहिलं, म्हणजे बॉल सेकंड बेसमनकडून शॉर्टस्टॉपकडे आणि तिथून फर्स्ट बेसमनकडे गेला, आणि कडेला एक छोटा तारा काढला, जो स्कोअरबुकमध्ये काढायचा नसतो.

अभ्यासाचं पण एकजण बघतो, फ्रेशमन कोच, हिस्टरी शिकवतो. टेक्सासमध्ये नो पास नो प्ले हा कायदाच आहे, १९८४ च्या हाउस बिल ७२ मधून आलेला, ग्रेडिंग पिरियडच्या शेवटी कुठल्याही विषयात ७० च्या खाली आलास तर किमान तीन आठवडे मॅच नाही, प्रॅक्टिसला येऊ शकतोस पण खेळायचं नाही. हा कोच दर सोमवारी सगळ्यांचे ग्रेड्स काढतो, आणि ७५ च्या खाली गेलेल्यांना सकाळी शाळा सुरू व्हायच्या आधी त्याच्या खोलीत बसवतो. एका पोराची आई रात्रपाळी करते, त्याला तर हा स्वतः घरी जाऊन उचलायचा. आणि मॅचला बाहेरगावी जायचं तर बस पण हाच चालवतो, लायसन्स काढलंय त्याने. दीड तास बस चालवायची, मॅच, परत दीड तास, रात्री अकरा, आणि सकाळी सात वाजता दुसऱ्याच्या पोराला केमिस्ट्री घेऊन बसायचं. स्टायपेंड मिळतो यांना वरचा, पण तासांनी भागलात तर कोणी सांगूही नये असा आकडा येईल.

मला कोणी म्हटलं की हायस्कूलचे असिस्टंट कोच म्हणजे काय मोठं, तर मी एथन कॅट्झचं उदाहरण देते. लॉस एंजेलिसच्या हार्वर्ड-वेस्टलेक शाळेत तो पिचिंग कोच होता, हेड कोच मॅट लाकूर. त्या एका शाळेच्या एका टीममध्ये लुकस जिओलिटो, मॅक्स फ्रीड आणि जॅक फ्लॅहर्टी तिघं एकाच वेळी होते. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, फ्रीड सातव्या नंबरला गेला, जिओलिटो सोळाव्या, आणि २०१४ मध्ये फ्लॅहर्टी चौतिसाव्या. लोक म्हणतील एवढे टॅलेंटेड पोरं होते, कोचने काय केलं. पण पुढचं ऐका. जिओलिटोचा २०१८ चा सीझन इतका वाईट गेला की पुरेशा इनिंग टाकलेल्या सगळ्या पिचर्समध्ये त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे सरासरी रन, सर्वात खराब, ६.१३. मेजर लीगचा पिचर, जगातले सगळे कोच हाताशी, आणि तो त्या हिवाळ्यात कोणाकडे गेला? शाळेतल्या पिचिंग कोचकडे. कॅट्झने त्याचा हाताचा मार्ग आखूड करून घेतला, २०१९ ला जिओलिटो ऑल-स्टार झाला आणि २५ ऑगस्ट २०२० ला त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने कॅट्झलाच पिचिंग कोच म्हणून घेतलं. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ज्याने तुमचा हात बघितलाय त्याला तो हात पाठ असतो, असं मला यावरून वाटतं. आमचा क्लिकरवाला कधी मेजर लीगला जाईल न जाईल, पण ते गुरुवारचं कोपर त्याला डगआउटमधून दिसलं आणि त्याच्या शेजारी बसून मला दिसलं नाही, हे मी विसरणार नाही.

हे सगळे एकमेकांशी भांडतात पण बरं का. रविवारी संध्याकाळी त्यांची मीटिंग असते, मी एकदा वहीचे फोटो द्यायला गेले तर दाराबाहेरपर्यंत आवाज, कोण शॉर्टस्टॉपला खेळणार यावरून. हिटिंग कोच एक म्हणतायत, जेव्ही कोच दुसरंच. हेड कोच खुर्चीत मागे टेकून ऐकत होते, मध्ये एकदाच विचारलं, त्याला रोज कोण बघतं? जेव्ही कोच म्हणाला, मी. मग तुझं, असं म्हणून पुढचा विषय. आणि सोमवारी प्रॅक्टिसला हिटिंग कोच त्याच पोराला सगळ्यात जास्त बॉल टाकत होते, अगदी मनापासून. ज्या प्रोग्राममध्ये असिस्टंट दर वर्षी बदलतात तिथे हे होऊ शकत नाही, आमच्याकडे यातला सगळ्यात नवा माणूस सहा वर्षं जुना आहे.

सोमवारी, म्हणजे हरल्यानंतरच्या सोमवारी, मी स्कोअरबुक परत द्यायला शाळेत गेले. मैदानावर कोणी नसेल असं वाटलं होतं. पिचिंग कोच माउंडवर होता, शॉर्ट्स आणि चिखलाचे बूट घालून. पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे सीझनभरात खड्डा होतो, त्याने तो खणून मोकळा केला होता, ओली चिकणमाती भरत होता आणि लोखंडी धुम्मसने ठोकत होता, जेव्ही कोच पाण्याचा पाइप धरून उभा. पुढची मॅच पुढच्या फेब्रुवारीत. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाला, मॅम, पाय वाकडा पडला की सगळं कोपरावर येतं, आणि आता नाही भरलं तर हा खड्डा उन्हात असाच वाळून दगड होईल.

मग हात पुसून त्याने वही मागितली. माउंडच्या कडेलाच बसला आणि पहिल्या मॅचपासून प्रत्येक पिचरचे आकडे एका कागदावर उतरवायला लागला, मी वाचत होते, तो लिहीत होता. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नियमावलीत म्हटलंय की या वयाच्या पोरांनी वर्षातले किमान चार महिने मॅचमध्ये पिचिंग करू नये, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग हात वर करून काहीच फेकू नये. पण उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीम्स असतात, शोकेस, म्हणजे निवड करणाऱ्यांसमोर खेळून दाखवायचे कार्यक्रम, असतात, आईबापांनी पैसे भरलेले असतात, आणि पोरं नाही म्हणत नाहीत. म्हणून हा दर वर्षी प्रत्येकाच्या नावापुढे एकूण पिच आणि एक तारीख लिहितो आणि प्रत्येक घरी स्वतः फोन करतो की या तारखेपर्यंत याला बॉल टाकू देऊ नका. सगळे ऐकतात असं नाही. गेल्या वर्षी एका बापाने फोन आपटला होता, कोच म्हणाला त्यालाही परत एकदा करणार.

आमच्या सिनियर पिचरचं नाव शेवटी आलं. तो आता शाळा सोडून चाललाय, त्याच्या पुढच्या सीझनशी या स्टाफचा काही संबंध नाही. मी आकडे वाचले, शेवटचा ८८. कोचने बेरीज केली, दोनदा तपासली, आणि त्याच्याही नावापुढे तारीख लिहिली. मग कागद घडी करून खिशात घातला, फोन काढला आणि त्याच्या आईचा नंबर लावला.